वेढा पडल्यावर काय झालं? केरेन, कॉल्ड्रन, कॅसिनो आणि सिंझवेया यांची तुलना

प्रश्न असा आहे: दुसऱ्या महायुद्धात भारतीय सैन्य आफ्रिकेत, इटलीत आणि ब्रह्मदेशात लढलं. या आघाड्यांची आपसांत तुलना कशी करायची? सर्वांत अवघड लढाई कुठली, आणि सेनापती कुठे चांगले होते?

‘सर्वांत अवघड कुठली’ या वादात शिरू नका. गोळी लागलेल्या जवानाला सगळ्या आघाड्या सारख्याच. तुलना करायची तर दोन गोष्टी मोजायच्या. रसद कुठल्या वाटेने येत होती आणि ती वाट तुटली तर पुढे काय, ही एक. निर्णय घ्यायचा अधिकार कोणाकडे होता आणि हुकूम खाली पोहोचेपर्यंत परिस्थिती किती बदललेली असायची, ही दुसरी. सैनिकांच्या धैर्यात आघाडीगणिक फार फरक पडला नाही. फरक पडला तो या दोन गोष्टींत.

जर्मन, इटालियन आणि जपानी सैन्यांची थेट तुलना सुरू केली की बोलणं भरकटतं. त्यापेक्षा एकच तुकडी आणि तेच अधिकारी वेगवेगळ्या आघाड्यांवर कसे वागले ते बघावं. भारतीय सैन्यात याचं फार चांगलं उदाहरण सापडतं: 5व्या भारतीय डिव्हिजनमधली 9वी ब्रिगेड (साधारण तीन पलटणींची ब्रिगेड, तीन ब्रिगेडींची डिव्हिजन), आणि मेसर्व्ही व ब्रिग्ज हे दोन सेनाधिकारी. ब्रिगेड 1941 मध्ये एरिट्रियात केरेनला होती, 1942 मध्ये लिबियाच्या वाळवंटात आणि 1944 मध्ये ब्रह्मदेशातल्या आराकानात. मेसर्व्ही आणि ब्रिग्जही तिन्हीकडे होते.

आधी केरेन. आफ्रिका म्हटलं की डोळ्यांसमोर वाळवंट येतं, पण केरेन म्हणजे उघडे खडकाळ डोंगर. डोंगोलास नावाच्या घळीतून रस्ता आणि रेल्वे वर जाते. दोन्ही बाजूंच्या शिखरांवर इटालियन सैन्य बसलेलं, आणि खुद्द घळीतला रस्ता सुरुंग लावून पाडलेल्या दगडांनी बंद केलेला. 1941 च्या फेब्रुवारीपासून मार्चअखेरपर्यंत 4थी आणि 5वी भारतीय डिव्हिजन इथे झुंजत होती. मोटारी पायथ्याशीच थांबायच्या. पाणी, दारूगोळा, तारेची भेंडोळी सगळं जवानांच्या खांद्यावरून वर जायचं, त्यामुळे पलटणीतला मोठा हिस्सा लढण्याऐवजी हमालीत अडकायचा. शिखर घेणं एक वेळ जमायचं, पण ते टिकवणं त्याहून कठीण. वर पोहोचलेली कंपनी निम्मी झालेली असायची, खांद्यावरचा दारूगोळा संपत आलेला असायचा, आणि नेमका त्याच वेळी प्रतिहल्ला यायचा. पहिल्या महिन्यातले बरेच हल्ले असेच वाया गेले.

मार्चमध्ये सेनापती प्लॅट यांनी दोन्ही डिव्हिजनांचा हल्ला एकत्र आखला. 15 मार्चला दिवसाउजेडी डोलोगोरोडॉक किल्ल्याकडे निघालेली गोरी पलटण उघड्या उतारावर अडकून पडली. मेसर्व्ही तेव्हा 9व्या ब्रिगेडचे प्रमुख होते. त्यांनी बाकीचं काम रात्रीवर टाकलं. लेफ्टनंट कर्नल डेनिस रीड यांच्या 3/5 मराठा पलटणीने (म्हणजे 5व्या मराठा रेजिमेंटच्या 3ऱ्या पलटणीने) त्या रात्री पिनॅकल हे सुळक्यासारखं ठाणं घेतलं, आणि पहाटे 2री वेस्ट यॉर्कशायर पलटण दुसऱ्या धारेवरून किल्ल्यात घुसली. किल्ला हातात आल्यावर घळीतला रस्ता वरून दिसू लागला, सॅपर्सनी, म्हणजे लष्करी अभियंत्यांनी, तो मोकळा केला आणि 27 मार्चला केरेन पडलं. या लढाईत आपल्या बाजूचे सुमारे 3,700 जण मारले गेले किंवा जखमी झाले.

केरेनला हुकूमाची साखळी आखूड होती. वर एकच सेनापती, हाताखाली दोन डिव्हिजन, आणि दोन्हींचं लक्ष्य डोळ्यांना दिसत होतं. चूक झाली तरी ती दुसऱ्या दिवशी दिसायची आणि सुधारता यायची.

वाळवंटात नेमकं हेच उरलं नाही. त्रिपोली ते अलेक्झांड्रिया हे अंतर 2,000 किलोमीटरहून जास्त. जो जिंकत पुढे जायचा त्याची रसदीची वाट लांबत जायची, आणि जो हरून मागे यायचा त्याची आखूड व्हायची. म्हणून 1941-42 मध्ये दोन्ही सैन्यं झोपाळ्यासारखी पुढेमागे झाली. दर माणशी दिवसाला साधारण गॅलनभर पाणी मिळायचं, बरेचदा त्याहून कमी, आणि त्यातच मोटारीच्या रेडिएटरचाही वाटा. ब्रिटिशांचे चार गॅलनचे पत्र्याचे डबे इतके तकलादू होते की वाटेतच बरंच पेट्रोल गळून जायचं. जर्मनांचा जाड, पक्क्या झाकणाचा डबा हाती लागला की जवान तो सोडत नसत. कुठल्या सैन्याचा पेट्रोलचा डबा गळतो यावर ते किती लांब धाव मारू शकेल हे ठरायचं.

हुकूमांची तऱ्हा आणखी वाईट. 1942 च्या लिबियातल्या गझालाच्या लढाईत ब्रिटिश 8व्या सैन्याचे प्रमुख रिची हे त्यांच्या हाताखालच्या एका कोअर कमांडरापेक्षा (कोअर म्हणजे काही डिव्हिजनांचा गट) सेवेने कनिष्ठ होते, आणि कैरोहून मध्यपूर्वेचे सरसेनापती ऑकिनलेक त्यांना सल्ले पाठवत होते. हुकूम निघण्याआधी चर्चा, निघाल्यावर पुन्हा चर्चा. जर्मन सेनापती रोमेल मात्र स्वतः पुढे असायचा. त्याचे तोटेही होते, कारण कित्येकदा त्याच्याच मुख्यालयाला त्याचा पत्ता नसायचा. पण वाळवंटात तासाभरात रणगाडे तीस किलोमीटर सरकतात. तिथे जागेवर असलेल्या माणसाचा अर्धवट निर्णयसुद्धा दूरच्या माणसाच्या पूर्ण निर्णयावर मात करतो.

27 मे 1942 ला जर्मन रणगाड्यांनी 7व्या आर्मर्ड डिव्हिजनचं मुख्यालयच गाठलं. तिचे प्रमुख मेसर्व्हीच होते. ते पकडले गेले, हुद्द्याच्या खुणा काढून साधा शिपाई असल्याचं भासवून निसटले आणि परत आले. पण मधल्या काळात डिव्हिजनला डोकं नव्हतं, आणि तिच्या ब्रिगेडी आपापल्या परीने लढून मोडल्या.

खरा धडा 5 जूनच्या हल्ल्यात आहे. कॉल्ड्रन नावाच्या भागात रोमेल सुरुंगांच्या पट्ट्यांना पाठ लावून बसला होता. त्याच्यावर 9वी आणि 10वी भारतीय ब्रिगेड व रणगाडे सोडायचे होते. हल्ल्याचा पहिला टप्पा 5व्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख ब्रिग्ज यांच्याकडे, पुढचा मेसर्व्हीकडे. एकच हल्ला आणि प्रमुख दोन, तेही वेगवेगळ्या मुख्यालयांत. तोफखान्याने पहाटे जिथे मारा केला तिथे शत्रू नव्हताच, त्याचे मोर्चे त्या जागेच्या मागे होते. पायदळ रिकाम्या जमिनीवर पुढे गेलं, रणगाडे खऱ्या तोफांसमोर गेले, आणि दुपारी रोमेलने उलटा हल्ला केला तेव्हा कोणी कोणाला कुमक द्यायची हेच ठरलेलं नव्हतं. पायदळ आणि तोफखाना वेढ्यात सापडला. मागे जायला मोटारी नाहीत, पाणी संपत आलेलं, वरून काही टाकण्याची सोय नाही. 10वी ब्रिगेड आणि चार फील्ड रेजिमेंटच्या तोफा गेल्या.

लिबियातल्या टोब्रुक बंदराला 20 जूनला हेच पुन्हा घडलं. रोमेलचा मुख्य घाव आग्नेय बाजूला 2/5 मराठा पलटणीवर पडला. सकाळी बॉम्बफेक आणि मागोमाग रणगाडे. 1941 मध्ये ज्या टोब्रुकने महिनोन्महिने वेढा सोसला होता त्याच टोब्रुकचा रणगाडाविरोधी खंदक आता जागोजागी वाळूने भरला होता, आणि तिथले बरेच सुरुंग उपटून गझालाच्या रेषेवर नेले होते. राखीव रणगाडे पोहोचायला उशीर झाला. दुसऱ्या दिवशी सुमारे 33,000 जण कैद झाले. ‘पलटण फुटली म्हणून टोब्रुक पडलं’ असं लिहिलेलं वाचाल तेव्हा आधी खंदकाची आणि सुरुंगांची अवस्था विचारा. त्या जवानांवर अन्याय झाला आहे.

आता तीच माणसं आराकानात बघा. फेब्रुवारी 1944. ब्रिग्ज 5व्या भारतीय डिव्हिजनचे प्रमुख, शेजारी 7वी भारतीय डिव्हिजन आणि तिचे प्रमुख मेसर्व्ही. मधल्या डोंगररांगेतून नुकताच केलेला एकच रस्ता, न्गाकयेडॉक खिंडीचा. जपानी सैन्य रात्रीच्या अंधारात आणि धुक्यात त्यांच्या मागे उतरलं, रस्ता तोडला, आणि 6 फेब्रुवारीच्या पहाटे मेसर्व्हींचं मुख्यालय उधळलं. दोन वर्षांत त्यांचं मुख्यालय दुसऱ्यांदा गेलं होतं. ते झाडीतून, ओढ्यातून वाट काढत सिंझवेयाच्या रसद-तळावर पोहोचले आणि तिथल्या बिनतारी संचांवरून डिव्हिजन चालवू लागले.

सिंझवेया हे लढाईसाठी निवडलेलं ठाणं नव्हतं. भातखाचरांचा जेमतेम किलोमीटरभर लांबीरुंदीचा तुकडा, चारी बाजूंनी टेकड्या, आणि आत कारकून, ड्रायव्हर, खेचरवाले, डॉक्टर. बचावाची जबाबदारी 9व्या ब्रिगेडचे प्रमुख इव्हान्स यांच्याकडे आली, आणि त्यांच्याबरोबर होती केरेनवाली 2री वेस्ट यॉर्कशायर. 7 तारखेच्या रात्री जपान्यांनी आतलं इस्पितळ ताब्यात घेतलं आणि जखमींना व डॉक्टरांना ठार केलं. तरीही तळ पडला नाही. सुमारे अठरा दिवसांनी खिंड पुन्हा उघडली.

का पडला नाही? कारण ‘वेढा पडला तर मागे फिरायचं नाही, रसद वरून येईल’ हा हुकूम 14व्या सैन्याचे प्रमुख स्लिम यांनी लढाईच्या आधीच दिलेला होता. नुसता हुकूम देऊन ते थांबले नाहीत. रसदप्रमुख स्नेलिंग यांनी विमानातून टाकायची गाठोडी आधीच बांधून ठेवायला लावली होती. रेशमी छत्र्या मिळेनात म्हणून कलकत्त्याच्या गिरण्यांतून तागाच्या छत्र्या करून घेतल्या. त्या रेशमी छत्रीइतक्या भरवशाच्या नव्हत्या, माणसाला लावण्याजोग्या तर नाहीतच, पण पीठ, तांदूळ आणि गोळ्या उतरवायला पुरेशा होत्या आणि किंमत अगदी थोडी. विमानांच्या सातशेहून अधिक फेऱ्या झाल्या, सुमारे 2,300 टन माल पडला. उलट जपान्यांनी थोड्याच दिवसांचा शिधा बरोबर घेतला होता. पुढचं जेवण सिंझवेयाच्या गोदामांतून मिळेल असा त्यांचा हिशेब होता. गोदाम हाती लागलं नाही आणि वेढा घालणारेच उपाशी पडले.

हुकूमाच्या साखळीतला फरकही इथे बघावा. कोमिल्ल्याला स्लिम यांचं मुख्यालय आणि विमानदळाचं मुख्यालय एकाच जागी होतं. माल मागणारा आणि विमान देणारा एकाच छताखाली. झाडीत तुकड्या एकमेकींना दिसत नाहीत, बिनतारी संच डोंगराआड मुके होतात. म्हणून स्लिम हेतू सांगायचे, आणि तो पार कसा पाडायचा हे खालच्या अधिकाऱ्यावर सोडायचे.

तिसरं कारण रणगाडे. झाडीत रणगाड्यांचा उपयोग नाही असं 1943 पर्यंत बहुतेकांचं मत होतं. वाळवंटात मागे पडलेला ली रणगाडा इथे राजा ठरला, कारण जपान्यांकडे त्याला फोडणाऱ्या तोफा फारशा नव्हत्या. बंकर फोडायची रीत अशी बसवली गेली: आधी आदळताच फुटणारे गोळे मारून झाडोरा साफ करायचा, म्हणजे बंकरचं तोंड दिसतं. मग उशिराने फुटणारे गोळे, जे मातीत शिरून लाकडी ओंडके उचकटतात. आणि आपलं पायदळ शेवटच्या काही यार्डांत आलं की न फुटणारे भरीव गोळे. त्यांचे तुकडे उडत नाहीत, त्यामुळे जवान अगदी तोंडाशी पोहोचेपर्यंत आतल्या मशीनगनवाल्याला डोकं वर काढता येत नाही. क्रम चुकला की एक तर आपलीच माणसं जखमी व्हायची, नाहीतर मारा लवकर थांबून शेवटच्या पंधरा पावलांत कापली जायची.

पण ‘विमान आलं की वेढा टिकतो’ असं सूत्र करू नका. पुढच्याच महिन्यात, 22 ते 26 मार्च 1944, मणिपूरच्या सांगशाकला 50वी पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्या जोडीला 4/5 मराठा पलटण याच पद्धतीने लढली. टेकडीवर पाणी नव्हतं, काटेरी तार नव्हती, खडकामुळे खोल खंदक होईनात, रणगाडे नव्हते, आणि जागा इतकी लहान की विमानातून टाकलेला बराच माल जपान्यांच्या हद्दीत पडला. शेवटी रात्रीतून बाहेर पडावं लागलं. त्या चार-पाच दिवसांनी कोहिमाकडे निघालेल्या जपान्यांना उशीर झाला, म्हणून ती लढाई वाया गेली असं म्हणता येत नाही. पण वेढ्यातलं ठाणं टिकायला पाणी, माल झेलायला सपाट जागा आणि प्रतिहल्ल्यासाठी राखीव बळ हे तिन्ही लागतं. सिंझवेयाला तिन्ही होतं, सांगशाकला एकही नव्हतं.

ब्रह्मदेशातला आणखी एक शत्रू, आजार, आकड्यांत दिसतो. 1943 मध्ये जखमी होऊन मागे येणाऱ्या एका माणसामागे आजाराने मागे येणारे 120 होते. उपाय साधा: मलेरियावरची मेपाक्रिनची गोळी रोज, सूर्य मावळला की डासांपासून बचावासाठी बाह्या खाली. स्लिम तुकड्यांची अचानक तपासणी करवायचे, आणि गोळी नियमाने घेतली जात नसलेल्या तुकड्यांच्या तीन प्रमुखांना त्यांनी घरी पाठवलं. त्यानंतर गोळ्या घेतल्या जाऊ लागल्या. सेनापतीची योग्यता बघायची तर मला हा निर्णय कुठल्याही गाजलेल्या चढाईइतकाच मोठा वाटतो.

जपानी बाजूला याच्या उलट. जपानी सेनापती मुतागुची यांनी इंफाळवर तीन डिव्हिजन साधारण तीन आठवड्यांच्या शिध्यावर पाठवल्या. खालचे सेनानी रसद नाही म्हणून सांगत राहिले. त्यांतल्या एका डिव्हिजनचे प्रमुख साटो यांनी कोहिमाहून हुकूमाविना माघार घेतली, आणि शेवटी मुतागुचींनी तिन्ही डिव्हिजनांचे प्रमुख काढून टाकले.

आणि हुकूम देणारा माणूसच पडला तर? 13 एप्रिल 1944 ला इंफाळजवळच्या नुनशिगुम टेकडीवर ली रणगाडे चढवले गेले. अरुंद धारेवर नीट बघायला रणगाड्यांच्या अधिकाऱ्यांना डोकी बाहेर काढावी लागली आणि ते एकेक करून पडले. 1/17 डोग्रा पलटणीच्या हल्ला करणाऱ्या कंपन्यांचे गोरे अधिकारीही पडले. शेवटचा हल्ला सुभेदार रणबीर सिंग आणि रणगाड्यांचा एक सार्जंट-मेजर यांनी मिळून पुरा केला. 1945 च्या जानेवारीत कांगॉला 51व्या ब्रिगेडमधल्या तिन्ही पलटणींचे प्रमुख भारतीय होते: थिमय्या, एल. पी. सेन आणि कोल्हापूरकडचे एस. पी. पी. थोरात. तिघांनाही डीएसओ हा अधिकाऱ्यांसाठीचा ब्रिटिश लष्करी सन्मान मिळाला.

इटली या दोन्हींपेक्षा वेगळी. तिथे रसद भरपूर, तोफा भरपूर, पण जागा नाही. कॅसिनोला पॉइंट 593 या टेकडीपासून डोंगरमाथ्यावरच्या मठापर्यंतचं अंतर जेमतेम हजार यार्ड. वाळवंटात हे मोटारीचं एका मिनिटाचं काम. इथे 4थ्या भारतीय डिव्हिजनला ते पार करताच आलं नाही. धार इतकी अरुंद की 15 फेब्रुवारी 1944 च्या रात्री एकच कंपनी पुढे पाठवता आली, आणि तिचे निम्मे लोक गेले. खरी चूक वेळेची. मठावर बॉम्बफेक त्याच दिवशी सकाळी झाली, आणि पलटणीचा पूर्ण हल्ला दुसऱ्या रात्री. विमानांची वेळ हवामानावर आणि अँझिओच्या किनाऱ्यावर उतरलेल्या दोस्त सैन्याला असलेल्या धोक्यावर ठरत होती, पायदळाची तयारी खेचरांच्या वाटेवर. वर कोअर कमांडर फ्रेबर्ग, त्यांच्यावर क्लार्क, त्यांच्यावर अलेक्झांडर, विमानदळ स्वतंत्र, आणि फ्रेबर्ग यांना आपल्या न्यूझीलंड सरकारलाही उत्तर द्यायचं होतं. प्रत्येकाचं कारण पटण्याजोगं होतं, पण दोन्ही वेळा जुळवणारा माणूस मात्र कोणी नव्हता. मधल्या वेळात जर्मन त्या ढिगाऱ्यात मोर्चे लावून बसले.

मे महिन्यात तीच आघाडी फुटली, कारण आखणीला वेळ मिळाला. 11 मेच्या रात्री सुमारे 1,600 तोफांचा मारा सुरू झाला आणि 8व्या भारतीय डिव्हिजनने गारी नदी ओलांडली. धुक्यात तुकड्या वाट चुकल्या, तरी सकाळपर्यंत सॅपर्सनी सुटे भाग जोडून करायचा बेली पूल उभा केला आणि रणगाडे पलीकडे गेले. इटलीत बहुतेक ठिकाणी अखेर पूलच निर्णायक ठरला: सांग्रो, गारी, सेनिओ.

एवढ्या आखणीतही शेवटची पन्नास पावलं एकट्या माणसाचीच. 10 जुलै 1944, वरच्या टायबरचं खोरं, 3/5 मराठा. तीच केरेनची पलटण, आणि तिची 10वी डिव्हिजन आता चालवत होते तेच डेनिस रीड, वाळवंटात कैद होऊन इटलीच्या छावणीतून निसटलेले. रायगडातल्या माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे यांच्या सेक्शनमधले बाकी सगळे मशीनगनच्या माऱ्यात पडले. ते एकटे धावले, बॉम्ब टाकून मशीनगन बंद पाडली, एकाला गोळीने टिपलं. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून नळी धरून दस्त्याने उरलेल्या दोघांना मारलं. नंतर लपलेल्या निशाणबाजांनी त्यांना टिपलं. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

घरात आजोबा-पणजोबांचं पदक असेल आणि त्यावरून आघाडी शोधायची असेल तर एक खबरदारी घ्या. आफ्रिका स्टार केरेनलाही मिळतो आणि टोब्रुकलाही, म्हणजे डोंगर आणि वाळवंट पदकावर वेगळे दिसत नाहीत. इटली स्टार 11 जून 1943 पासून, बर्मा स्टार 11 डिसेंबर 1941 पासून. म्हणून आधी पलटणीचा आकडा शोधा. ‘3/5 मराठा’ म्हणजे 5व्या मराठा रेजिमेंटची 3री पलटण. आकडा मिळाला की त्या पलटणीची युद्ध-दैनंदिनी मिळते. ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात मध्यपूर्वेच्या दैनंदिन्या डब्ल्यूओ 169, इटलीच्या 170 आणि आग्नेय आशियाच्या 172 या मालिकांत आहेत. वाचताना चढाईच्या वर्णनाआधी दोन नोंदी टिपा: हुकूम वरून निघाल्याची आणि पलटणीला मिळाल्याची वेळ, आणि त्या दिवशी पाणी व शिधा कुठल्या वाटेने, किती वाजता पोहोचला.